बदली झाली, नव्या भागात शिकार-नेमबाजीचं कसं जमवायचं?

बिऱ्हाडी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय कारण गरज पडलीये. ऑफिसने बदली केली, अडीच महिन्यांत बिऱ्हाड हलवायचंय आणि जिथे जायचंय तो भाग सीमेपलीकडचा, कायदे वेगळे, रान वेगळं, ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही (कुत्रं आमचंच येणार आहे, ती अजून वेगळी कटकट).

इथे नऊ वर्षं एकाच टोळक्याबरोबर जातोय. पानगळ लागली की डुकरं कुठल्या ओढ्याने उतरतात, वारा कुठून असला की कुठल्या मचाणावर बसायचंच नाही, सगळं पाठ आहे. पण खरं सांगतो, यातलं मी स्वतः काहीच शोधलेलं नाही, ग्रुपमधल्या दोन म्हाताऱ्यांनी हाताला धरून दाखवलं तेवढंच. त्यामुळे आता परत कोऱ्या पाटीवर बसायचं म्हटल्यावर जरा हातपाय गळालेत. रात्र रात्र सॅटेलाइट नकाशे बघतोय, हिरवं दिसलं की वाटतं इथे जनावर असणारच, पण ते हिरवं कुणाचं, तिथे जाता येतं का, विचारायचं कुणाला, काही पत्ता नाही.

सामान म्हणाल तर वडिलांची जुनी बारा बोअरची दुनळी, एक स्कोपवाली रायफल आणि रेंजवर वापरायची पॉइंट टू-टू, म्हणजे लहान काडतुसाची रायफल. बायको म्हणते सगळं विकून टाका, तिकडे गेल्यावर बघू. ज्यांनी असं मुक्काम हलवून नव्याने जमवलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून केलीत? पहिल्या हंगामात काही पदरात पडतं का, की वर्ष गेलंच समजायचं?

रानमाणूस

भाऊ, नकाशा मिटवा आधी. जनावर कुठे आहे हा दुसरा प्रश्न, पहिला प्रश्न तिथे शिकारीचा हक्क कुणाचा मानतात हा. त्याचं उत्तर मिळालं की कुणाच्या दारात जायचं ते आपोआप कळतं. मी तीनदा मुक्काम हलवलाय आणि पहिल्या दोन वेळा हेच उलटं केलं म्हणून सांगतोय.

ढोबळ मानाने तीन तऱ्हा आहेत. उत्तर अमेरिकेत रानातलं जनावर जनतेचं, सरकार फक्त राखणदार, असं धरतात. तिथे सरकारी जमिनीवर जाता येतं, लायसन्स काढायचं, हव्या त्या जनावराचा टॅग (ते एक जनावर मारायची परवानगी) मिळवायचा, आणि टॅग थोडे नि माणसं जास्त झाली की सोडत. काही राज्यांत नंबर नाही लागला तर दरवर्षी एकेक पॉइंट साठतो आणि बरेच साठले की पुढच्या वेळी तुमचं पारडं जड, म्हणजे तिथे गेल्या गेल्या अर्ज टाकायचा, यंदा जायचं नसलं तरी. अजून एक म्हणजे रहिवाशाच्या दरातलं लायसन्स मिळायला काही राज्यांत सहा महिने तिथे राहिल्याचं दाखवावं लागतं, त्यामुळे सामान उतरवलं त्या दिवसाचा कागद जपून ठेवा, मग तो घरभाड्याचा असो की विजेच्या बिलाचा.

दुसरी तऱ्हा जर्मनीसारखी. तिथे हक्क जमिनीला चिकटलेला, पण म्हणून स्वतःच्या शेतात कुणी बंदूक घेऊन फिरू शकत नाही. सलग ७५ हेक्टर असेल तरच तुमचं स्वतःचं शिकारक्षेत्र, नाहीतर तुमचा तुकडा गावच्या सामायिक क्षेत्रात गेला आणि ते क्षेत्र सहसा कुणीतरी भाड्याने घेतलेलं असतं. तो बोलावेल तेव्हा तुम्ही जाणार. म्हणजे शोधायचा तो माणूस, रान नाही.

तिसरी ब्रिटनसारखी, तिथे जिवंत हरीण कुणाच्याच मालकीचं नाही पण त्यावर बंदूक चालवायचा हक्क जमीनमालकाचा किंवा त्याने ज्याला दिला त्याचा. सगळा खेळ परवानगीचा, आणि ती लेखी घ्या, मालक बदलला किंवा त्याचा मुलगा शेती बघायला लागला की तोंडी परवानगी हवेत जाते.

आणि चौथी तऱ्हा म्हणजे शिकार बंदच. केनियात १९७७ पासून, कोस्टा रिकात २०१२ पासून हौस म्हणून शिकार नाही. तुमचा भाग त्यातला निघाला तर रेंजचं बघा, बाकी विषय संपला.

तुमचा भाग यातल्या कुठल्या खात्यात बसतो ते सांगाल तर पुढचं बोलू.

बिऱ्हाडी

बाप रे, मी तर हरणांच्या वाटा शोधत बसलो होतो. आता चौकशी केली, तुमच्या दुसऱ्या तऱ्हेच्या जवळचं आहे, भाड्याचं क्षेत्र आणि बोलावणं असंच. आणि आधी परीक्षा द्यावी लागेल, लेखी, तोंडी आणि नेमबाजीची. इथली नऊ वर्षं तिथे धरत नाहीत म्हणे, जरा वाईट वाटलं.

दहा_पॉइंट_नऊ

वाईट कशाला वाटून घेता दादा, परीक्षेसारखी सोय नाही. क्लासला जे लोक बसतात तेच पुढे तुमचे सोबती होतात, आणि शिकवणारा हमखास कुठल्यातरी क्षेत्राचा भाडेकरू नाहीतर त्याचा दोस्त असतो. मी शिकार करत नाही, नुसती नेमबाजी, पण आमच्या क्लबातल्या अर्ध्या शिकाऱ्यांना पहिलं बोलावणं परीक्षेच्या बाकावरच मिळालंय.

आणि माझं म्हणणं एवढंच की रान मिळेल तेव्हा मिळेल, पहिल्या आठवड्यात रेंज गाठा. नेमबाजीचं बरं असतं, तिला गाव नसतं. १० मीटर एअर रायफलच्या कागदावरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा, तो जगात कुठेही जा अर्धा मिलिमीटरचाच. ऑलिम्पिक ट्रॅपची, म्हणजे हवेत उडवून बंदुकीने फोडायची, थाळी ११० मिलिमीटरची, तीही तेवढीच. भाषा येत नसली तरी लाइनवर उभं राहिल्यावर काय करायचं ते कळतं. मी नव्या ठिकाणी गेले तेव्हा पहिले दोन महिने माझ्याशी नीट बोलणारी माणसं फक्त रेंजवरच भेटली, तीसुद्धा हातवारे करून.

फोन करताना मात्र नुसतं सभासद करून घ्याल का असं विचारू नका, बऱ्याच क्लबांत थांबायची यादी असते आणि उत्तर नाहीच येतं. पाहुणा म्हणून येऊ का विचारा. लाइन किती मीटरची, मोठ्या काडतुसाची रायफल चालते का फक्त पॉइंट टू-टू, क्लबाची बंदूक मिळते का, नवख्यावर नजर ठेवायचा काळ किती महिन्यांचा, हे आधीच विचारून घ्या. आणि पहिल्या दिवशी गोळ्या झाडून लगेच गाडीत बसू नका. रिकामी काडतुसं वेचा, टार्गेटच्या फळ्या उचलायला हात लावा, थाळ्यांचं मशीन भरायला कुणी नसेल तर तुम्ही उभे राहा. मशीन मात्र आधी कुणाकडून तरी शिकून घ्या, त्याचा हात ताणलेला असताना समोर गेलात तर बोटं जातील, मस्करी नाही.

मचाणवाला

ताईंशी शंभर टक्के सहमत, आणि रेंजवर आधी जायचं अजून एक कारण सांगतो, ते माझ्या पापाचं आहे.

मी सपाटीवरून डोंगराळ भागात गेलो, रायफल विमानाने नेली, केस जाड, फोम चांगला, वाटलं झिरो, म्हणजे स्कोपचा जमवलेला नेम, जसाच्या तसा असणार. पहिलंच बोलावणं आलं, यजमानाने सकाळी विचारलं, रेंजवर तपासून घेतलीस ना? आणि मी हो म्हणालो. का म्हणालो माहीत नाही, नवीन माणसापुढे लाज वाटली असेल. ऐंशी मीटरवर हरीण आडवं उभं, आरामात टेकून मारली आणि ते पोटात लागल्यासारखं पाठ वाकवून झाडीत गेलं. गोळी लागली त्या जागी केस पडलेले आणि हिरवट ओलं, म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. यजमान एक शब्द बोलला नाही. तासनतास बसलो, मग मागावरचं कुत्रं मागवलं, संध्याकाळी सापडलं. नंतर रेंजवर कागदावर मारून बघितलं तर शंभर मीटरला एक वीत डावीकडे. स्कोपचा एक स्क्रू सैल.

त्या यजमानाने मला परत बोलवायला दोन वर्षं लावली, आणि बरोबरच केलं त्याने.

तेव्हा प्रवासानंतर स्क्रू तपासा, कागदावर तीन गोळ्या मारा, मग रानाचं नाव. उंचीचाही थोडा फरक पडतो, समुद्रसपाटीपेक्षा दीड हजार मीटरवर हवा साधारण १४ टक्के विरळ, गोळीला अडथळा कमी, त्यामुळे ती लांबवर जरा वर लागते. शंभर मीटरला जाणवणार नाही, तीनशेला जाणवेल. थंडीत उलटं, दारूचा जोर कमी आणि हवा दाट. पण खरं सांगू का, हवेने चुकतात त्यापेक्षा सैल स्क्रूने जास्त चुकतात.

रानमाणूस

मचाणवाले, असं लिहायला छाती लागते. बहुतेक लोक फक्त डोक्यावरची शिंगं मोजून सांगतात.

बिऱ्हाडी, तुमच्या पहिल्या हंगामाबद्दल. बंदूक न घेता जा. हाक्याला माणसं लागतातच, कुणीही मोठं क्षेत्र एकट्याने हाकू शकत नाही. काठी घ्या, भडक नारिंगी जॅकेट घाला आणि हाकाऱ्यांच्या रांगेत चाला. एका दिवसात जेवढं रान कळतं तेवढं नकाशावर वर्षभरात कळत नाही, कुठल्या दरीत डुक्कर परत फिरतं, कुठे उसळी मारून रांग फोडतं, कोण माणूस चळलेला आहे आणि कुणाच्या शेजारी उभं राहायचं नाही, हे सगळं. हंगाम संपल्यावर मचाणं दुरुस्त करायची असतात, मिठाच्या जागा, कुंपणं, पायवाटा साफ करणं, तेव्हा कुणी नसतं. तेव्हा जो हजर असतो त्याला पुढच्या वर्षी बोलावणं येतं. हे कुठेही लिहिलेलं नसतं.

कागदी_वाघ

सगळे रानात पोचले पण बंदुका अजून घरीच आहेत. जरा कागदांचं बोलू या.

एक, तिकडच्या परवान्याशिवाय बंदूक हलवायची नाही. इकडून न्यायची परवानगी आणि तिकडे आणायची परवानगी हे दोन वेगळे कागद असतात आणि दुसरा हातात आल्याशिवाय पहिल्याचा काही उपयोग नाही. बिऱ्हाडाच्या खोक्यांत गाद्यांबरोबर बांधून पाठवायचा विचार चुकूनही करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. मधल्या काळात परवानाधारक डीलरकडे ठेवता येतात का ते विचारा, बहुतेक ठिकाणी येतात.

दोन, नव्या घरात आधी तिजोरी बसवा, मग बंदूक आणा. अनेक ठिकाणी तपासायला माणूस येतो, आणि भाड्याच्या घराच्या भिंतीला तिजोरी ठोकायची म्हणजे घरमालकाशी बोलणं आलं. हे मी भोगलंय, घरमालकाने नाही म्हटलं आणि दुसरं घर बघायला लागलं.

तीन, विमानात बंदूक रिकामी, कुलूपबंद कडक केसमध्ये, काउंटरवर सांगून चेक-इन. काडतुसं माणशी ५ किलोपर्यंत, स्वतःपुरती, नीट पॅक केलेली, आणि तीही एअरलाइनने आधी हो म्हटलं तरच. मी तर म्हणतो काडतुसं तिकडेच घ्या.

कुत्र्याचं, युरोपीय संघातल्या देशांत न्यायचं तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, आणि पहिल्या लसीनंतर २१ दिवस मोजायचे. चिपच्या आधी टोचलेली लस धरत नाहीत, क्रम चुकला की सगळं पहिल्यापासून. काही देशांतून नेताना रक्ततपासणीही लागते आणि तिला काही महिने जातात, म्हणून उद्याच डॉक्टरकडे जा.

वहिनींच्या मुद्द्याबद्दल, रायफल विकण्याआधी तिकडे हरणाला कमीत कमी कुठलं काडतूस लागतं ते बघा. बसत नसेल तर विकलेलीच बरी. वडिलांची दुनळी विकू नका, विकलेली वस्तू परत मिळत नाही.

बिऱ्हाडी

कागदी वाघ, कुत्र्याची लस झालेली आहे पण चिप नाही. गेले २१ दिवस पाण्यात 😅 उद्या सकाळी जातो.

दुनळीबद्दल एक विचारतो, तिकडे पाणथळ जागी शिसं चालत नाही असं कळलं. मग काय करायचं? लोखंडी छऱ्यांनी नळी खराब होते असं ऐकलंय.

छर्रेवाला

माझा विषय आला म्हणून जागा झालो.

युरोपीय संघात फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी आणि त्यांच्या आसपास शिशाचे छर्रे बंद आहेत. डेन्मार्कने तर १९९६ लाच सगळीकडे बंद केले, अमेरिकेत बदकांसाठी १९९१ पासून देशभर बंद. कारण सरळ आहे, बदकं खडे समजून छर्रे गिळतात, पोटात शिसं झिजतं आणि पाखरू विषाने मरतं, तुम्ही न मारता.

आता दुनळी. स्टील शिशापेक्षा कठीण आणि हलकं. शिशाचे छर्रे चोकमधून (नळीच्या तोंडाकडच्या आखूड झालेल्या भागातून) जाताना दबतात, स्टीलचे दबत नाहीत, म्हणून घट्ट चोकच्या जुन्या नळीत मोठे स्टील छर्रे घातले तर चोकपाशी फुगवटा येऊ शकतो. नळी चांगल्या गनस्मिथला दाखवा, स्टीलसाठी तपासणी झाल्याचा शिक्का आहे का बघा, नसेल तर बिस्मथ नावाच्या धातूचे छर्रे घ्या, ते मऊ असतात, महाग असतात, पण वडिलांची बंदूक वाचते. स्टील वापरायचंच असेल तर छर्रा शिशाच्या दोन नंबर मोठा घ्यायचा, हलका असल्याने जोर लवकर संपतो, म्हणून अंतरही आवरतं घ्यायचं. आणि दगडावर, पाण्यावर आपटून उसळतो, समोर कोण आहे ते दोनदा बघा.

अंतराचा एक जुना हिशोब लक्षात ठेवा, छऱ्याची जाडी मिलिमीटरमध्ये, गुणिले शंभर, तेवढ्या मीटरपर्यंत धोका. ३ मिलिमीटरचा छर्रा म्हणजे ३०० मीटर. पॉइंट टू-टूला खेळणं समजू नका, तिची गोळी दीड किलोमीटरच्या पुढे जाते. नव्या रानात टेकडीमागे घर आहे की नाही तुम्हाला माहीत नसतं.

कॅमेरावाला

एवढी कटकट कशासाठी म्हणतो मी. त्याच मचाणावर कॅमेरा घेऊन बसा, परवाना नाही, तिजोरी नाही, कुणाचं पोट फाटत नाही.

मचाणवाला

कॅमेरावाले, तुमचं चूक नाही, मी पण आता वर्षातले जास्त दिवस दुर्बीण घेऊनच जातो. पण मका आडवा झालेल्या शेतकऱ्याला फोटो दाखवून बघा काय म्हणतो. एका शेतात रात्रीत डुकरांनी उकरलेलं बघितलंय, नांगर फिरवल्यासारखं. आणि खरंतर मला जमिनी मिळाल्या त्या याच वाटेने. अकरा शेतकऱ्यांनी दारातून परत पाठवलं, बारावा म्हणाला हरणाचं सोड, पेरलेल्यावर कबुतरं बसतात त्याचं काय करतोस ते दाखव. तिथे परवानगी असलेला प्रकार होता. दोन दिवस नुसतं बांधावर बसून बघितलं, कुठल्या झाडावरून येतात, कुठल्या ओळीवर उतरतात, मग आडोशाला जाळी बांधून तिच्यामागे बसलो. जाताना प्रत्येक फाटक होतं तसं लावलं, उघडं होतं ते उघडं, बंद होतं ते बंद. तो मागून बघत होता हे मला नंतर कळलं.

कॅमेरावाला

फाटकाचं आवडलं. मागे घेत नाही पण आवडलं.

रानमाणूस

एक राहिलं. नव्या भागात जनावरांचे आजार काय आहेत ते विचारून घ्या. डुकराचं मटण तपासल्याशिवाय तोंडात घालू नका, त्यात ट्रायकिनेला नावाची कृमी असू शकते, युरोपीय संघात विकायच्या रानडुकराच्या मटणाची तपासणी सक्तीची आहे. फ्रीजरवर विसंबू नका, रानातल्या काही जाती गोठूनही मरत नाहीत, ७१ अंशांपर्यंत आतून शिजलं पाहिजे. आफ्रिकन स्वाइन फीवर असलेल्या भागातून येत असाल तर बूट, कपडे, गाडीच्या डिकीतली चटई, सगळं धुऊन औषध मारून न्या. माणसाला त्याने काही होत नाही पण पाळलेली डुकरं गोठेच्या गोठे जातात, आणि तो रोग बुटावरून आला असं गावाला कळलं तर तुमचं बोलावणं कायमचं संपलं.

बिऱ्हाडी

चार महिन्यांनी आलोय, राहवलं नाही म्हणून लिहितोय.

रायफल विकली, काडतूस तिकडच्या नियमात बसत नव्हतं. दुनळी अजून जुन्या गावच्या डीलरकडेच आहे, गनस्मिथ म्हणाला डाव्या नळीचा चोक फार घट्ट, बिस्मथच वापरा. कुत्रं आलं, तीन आठवडे उशिरा. घरमालकाने तिजोरीला हो म्हटलं पण चार भोकांचे पैसे आधीच घेतले.

ताईंनी सांगितलं तसं पाहुणा म्हणून क्ले क्लबात गेलो. पहिल्या रविवारी कुणी बंदूक हातात दिलीच नाही, मशीन भरायला उभं केलं, चार तास, हात थाळ्यांच्या नारिंगी रंगाने माखले. दुसऱ्या रविवारी एका आजोबांनी स्वतःची बंदूक दिली, पंचविसात नऊ फुटल्या. आजोबा हसले नाहीत, फक्त माझा डावा पाय बुटाने थोडा पुढे सरकवला. पुढच्या पंचविसात चौदा.

परीक्षेचा क्लास पुढच्या महिन्यात सुरू होतोय. शिकवणारे तेच आजोबा निघाले. या शनिवारी हाका आहे म्हणे, काठी आणि जॅकेट घेऊन सकाळी सहाला बोलावलंय, आणि कुत्र्याला घरी ठेव म्हणाले, पहिल्यांदा तुला बघू.